सांध्यातली हळद

जयवंत गेल्याचं मला बसमध्ये कळलं. हॉस्पिटलकडे निघालो होतो. मांडीवर पिशवी, पिशवीत डब्यात मऊ भात आणि वेगळ्या पुडीत मेतकूट, कारण तिथलं जेवण त्याला जात नव्हतं. मेघाचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, फोन आला. "काका, निघालात का तुम्ही?" मी म्हटलं, दोन स्टॉप राहिलेत. ती म्हणाली, "सावकाश या. आता घाई नाही." मला कळलं. तरी हॉस्पिटलचा स्टॉप आला तेव्हा मी उठलो नाही. बस शेवटपर्यंत गेली, ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, तेव्हा उतरलो आणि समोरच्या बाजूने परतीची बस धरली.

मित्र गेल्याच्या धक्क्याने असं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगायची ठरवून घरातून निघालो होतो. तीस वर्षं जी सांगितली नाही ती. बसमध्ये बसल्या बसल्या वाक्यं जुळवत होतो. फोन बंद केल्यावर पहिली भावना आली ती दुःखाची नव्हती, सुटल्याची होती. ती फार तर दोन स्टॉप टिकली असेल, पण आली होती, हे आधी लिहून टाकतो. पुढचं सगळं वाचताना ते लक्षात असलेलं बरं.

जयवंत पेडणेकर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो गुहागरकडचा, मी पुण्याचा. आमची गाठ पडली ती लेस्टरच्या बाहेर एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. कारखाना स्कायलाइट बनवायचा, म्हणजे उतरत्या छपरात बसवायच्या खिडक्या. ऑफिसात आम्ही नऊ जण, त्यात दोघे मराठी. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी चाखून "पुण्यात मीठ महाग झालंय का?" असं विचारलं, आणि मी त्याला सांगितलं की नारळ न घालताही पदार्थाला चव असू शकते हा शोध कोकणात अजून लागायचा आहे. मैत्री अशी सुरू झाली. ऑफिसातले इंग्रज त्याला "युवर वर्शिप" म्हणायचे. त्याच्या नावाची अक्षरं जे. पी., आणि इथे जे. पी. म्हणजे गावचा मानद न्यायाधीश. तोही मान तुकवून ते स्वीकारायचा आणि शेवटचं बिस्किट कुणाचं याचे निकाल गंभीर चेहऱ्याने द्यायचा.

मला ड्रॉइंग चांगलं यायचं. त्याला छपरं कळायची. हा फरक मला फार उशिरा समजला. त्यांच्या गावच्या स्वयंपाकघरात एक काचेचं कौल होतं. कोकणात पुष्कळ घरांत असतं. त्यातून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडायचा आणि तो सरकत सरकत पाट्यापाशी आला की त्याची आई भाताचं आधण ठेवायची. घरात घड्याळ होतं, पण तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. जयवंत सांगायचा, तिथल्या पावसात ते कौल एकदाही गळलं नाही, कारण ते कुणी चिकटवलेलं नव्हतं. इतर कौलांसारखंच वरच्याच्या खाली आणि खालच्याच्या वर, नुसतं ठेवलेलं. "काच गळत नाही, सुध्या," तो म्हणायचा. "काचेभोवती माणूस जी हुशारी करतो ना, ती गळते."

कारखान्यात पाण्याची चाचणी घ्यायला मोठं यंत्र होतं. खिडकीवर पाणी मारायचं, वारा सोडायचा, आतून ओल आली की नापास. पण पाणी कुठल्या वाटेने आलं, ते यंत्र सांगत नसे. जयवंतची चाचणी वेगळी. अर्ध्या कॅरमबोर्डाएवढी प्लायवूडची फळी घ्यायची, तिला पांढरा रंग द्यायचा, तिच्यावर छपराचा आणि चौकटीच्या एका कोपऱ्याचा खराखुरा तुकडा जसाच्या तसा बांधायचा. फळी तिरकी उभी करून, समोरून टेबलफॅन लावून, वरून लोटीने पाणी ओतायचं, हळद कालवलेलं. मग एकेक थर उचलून बघायचं. पाणी वाळून जातं, हळद राहते. पांढऱ्या फळीवर पिवळी रेघ उमटली असेल तर पाणी कुठून शिरलं, कुठे वळलं, कुठे थांबलं, सगळं दिसायचं. नलूवहिनी, म्हणजे त्याची बायको, दर महिन्याला त्याला हळदीची डबी भरून द्यायची. फोरमन याला "करी टेस्ट" म्हणून हसायचा, पण स्वतःचं काही अडलं की फळी घेऊन जयवंतकडेच यायचा. काम झालं की जयवंत ती फळी दक्षिणेच्या खिडकीत उभी करून ठेवायचा. हळदीचा डाग उन्हात उडून जातो, हे आपल्याकडे साड्या धुणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. फळी पुन्हा कोरी, पुढच्या चाचणीला तयार. "गुहागरला दुपारपर्यंत जाईल," तो म्हणायचा, "इथे पंधरा दिवस. इथलं ऊनसुद्धा अपॉइंटमेंट घेऊन येतं."

मग आमच्याकडे शिंगलच्या छपरांचं काम आलं. शिंगल म्हणजे सीडर लाकडाच्या पातळ फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक डे सेंटर बांधलं जात होतं, त्याच्या छपरात आठ स्कायलाइट बसायचे होते. स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, छपराला चालणारी चौकट इथे चालेना. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, वर्षभर हलत राहतं. जयवंतने महिनाभर हळद ओतली आणि एक चौकट तयार केली. दोन्ही बाजूंना एक अखंड लांब पत्रा न लावता शिंगलच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा छोटा वाकवलेला पत्रा, वरच्याचं पाणी खालच्यावर पडेल असा, पायऱ्यांसारखा. कशालाही काही चिकटवायचं नाही. खिडकीच्या वरच्या अंगाला एक उंचवटा, म्हणजे वरून येणारं पाणी दोन्हीकडे फाकेल. मी त्याला म्हटलं, हे तुझ्या आईचंच कौल आहे. तो खूश झाला. त्याला एवढं खूश झालेलं मी नंतर पाहिलं नाही.

आता आमच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. कुणी काढलं, कुणी तपासलं, दोन्हींसमोर अक्षरं घालायची. काढणाऱ्याने स्वतःचंच ड्रॉइंग तपासायचं नाही हा नियम. आम्ही दोघं एकमेकांची ड्रॉइंग तपासायचो, आणि वर्षं जातील तसं आम्ही एकमेकांची अक्षरंही घालायला लागलो. एक जण खाली शॉपफ्लोअरवर, यंत्रांपाशी असला, दुसऱ्याला कागद पाठवायची घाई असली, की "माझं घाल रे, मी येऊन बघतो" म्हणायचं. आणि आल्यावर खरंच बघायचं. बाकीच्या सात जणांत कुणी असं करत नसे. आम्हाला त्याचा थोडा अभिमानच होता. परक्या देशात एकमेकांच्या नावाने सही करण्याइतका भरवसा… असं काहीतरी आम्हाला वाटत असावं.

डे सेंटरचं काम अर्ध्यावर असताना त्याची आई गेली. तो त्याच संध्याकाळच्या विमानाने निघाला. निघताना माझ्या टेबलापाशी थांबला, खांद्यावर हात ठेवला. त्या कामाचा प्रमुख मी होतो. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी बांधकामावरून निरोप आला की हे छोटे छोटे पत्रे बसवायला छपरावरचे लोक कुरकुर करतायत, एका खिडकीला दिवस जातोय, काही सोपं करा. त्या दिवसांत माझी बायको शैला आजारी होती. ऑपरेशनसाठी लांबलचक यादीत नाव होतं, मुलं लहान होती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून मी ते स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, आता पुरे. मी बसलो आणि दुपारभरात ड्रॉइंग बदललं. पायऱ्यांचे पत्रे काढून टाकले, दोन्ही बाजूंना एकेक अखंड पत्रा दाखवला, आणि वरच्या पत्र्याशी त्याचा सांधा मॅस्टिकने, म्हणजे लुकणासारख्या पेस्टने, बुजवायचा असं लिहिलं. रिव्हिजन सी, म्हणजे त्या ड्रॉइंगची तिसरी दुरुस्ती. काढणाऱ्याच्या जागी माझी अक्षरं घातली. तपासणाऱ्याच्या जागी जे. पी. घातली.

तेव्हा तो पाच हजार मैलांवर आईचे दिवस करत होता. "माझं घाल" असं तो म्हणाला नव्हता. मला ते माहीत होतं. पट्टी हवी होती म्हणून मी त्याचा खण उघडला, तर पुढेच हळदीची डबी होती. फॅन कोपऱ्यात होता, पांढरी फळी खिडकीत होती, कोरी. एक दिवस लागला असता. मी खण बंद केला.

तीन आठवड्यांनी तो परत आला, मुंडण केलेलं डोकं, वर लोकरीची टोपी. फोरमननेसुद्धा काही विनोद केला नाही. दुपारी त्याने विचारलं, डे सेंटरचं काय झालं? मी म्हटलं, गेलं सगळं, चौकटी बसल्यासुद्धा. तो "बरं झालं" म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. येऊन बघण्यासारखं काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. सांगावं असं मला रोज वाटायचं. पण आई गेलेल्या माणसाला आजच कशाला, असं म्हणत पहिले काही दिवस काढले. मग चौकटी गळत नाहीत तर कशाला, असं म्हणत उन्हाळा काढला.

त्या हिवाळ्यात पश्चिमेकडून तीन दिवस वाऱ्याचा पाऊस झाला. उन्हाळ्यात आकसलेलं लाकूड फुगलं, सांध्यातलं मॅस्टिक सुटलं आणि वाऱ्याने पाणी वर चढवून आत ढकललं. ते लगेच दिसलं नाही. छताच्या आत साठत राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, छताचा एक मोठा तुकडा खाली आला. त्याखाली एक बाई डॉमिनोज खेळत बसल्या होत्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. त्या परत स्वतःच्या घरी राहायला गेल्या नाहीत. त्यांना केअर होममध्ये ठेवलं आणि दोन वर्षांनी त्या गेल्या. हेही मी विचारून घेतलं होतं. दर थोड्या महिन्यांनी फोन करून विचारायचो, नाव न सांगता.

चौकशी आमच्याच कॉन्फरन्स रूममध्ये झाली. दोन बाहेरचे गृहस्थ, आमचे डायरेक्टर, मी आणि जयवंत. टेबलावर रिव्हिजन सी पसरलेलं होतं. जयवंत ते पहिल्यांदा बघत होता. त्याने त्याच्या सवयीने वरच्या कोपऱ्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली, पाणी जाईल तसं. बोट सांध्यापाशी आलं आणि थांबलं. मग ते तिथून उचलून त्याने खालच्या चौकोनावर ठेवलं, जिथे त्याची अक्षरं माझ्या हाताने लिहिलेली होती. एका गृहस्थाने माझ्याकडे बोट करून जयवंतला विचारलं, हे बदल यांचे आहेत हे उघड आहे, पण तपासून मंजूर कुणी केले? ही अक्षरं तुमची का? नियमाप्रमाणे जबाबदारी तपासणाऱ्यावर होती. तपासणारा शेवटचा.

जयवंतने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आलो. खरं म्हणजे तो बराच वेळ थांबला होता. मला बोलायला पुरेल इतका. घसा साफ करायला, पाणी प्यायला आणि मग बोलायला, एवढा. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "हो. माझी अक्षरं आहेत."

तासाभराने मी कार पार्कमध्ये त्याची वाट बघत उभा होतो. तो आला, टोपी घातली, गाडीची किल्ली शोधत म्हणाला, "शैलावहिनींचं ऑपरेशन कधी आहे?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी नलू तुमच्याकडे येईल. मुलांचं जेवणखाण ती बघेल." आणि गाडीत बसून गेला.

त्याने महिन्याभरात नोकरी सोडली. सोडली म्हणायचं. पुन्हा कुठल्याही ड्रॉइंग ऑफिसने त्याला घेतलं नाही. निवृत्तीपर्यंत तो बांधकामाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभा राहिला. खिळे, पत्रे, मॅस्टिकच्या नळ्या विकल्या. मॅस्टिक मागणाऱ्या गिऱ्हाइकाला "कशाला हवंय?" असं आधी विचारायचा म्हणून मॅनेजर त्याच्यावर वैतागायचा. इकडे कारखान्याने डे सेंटरच्या आठही चौकटी काढून तिथे जयवंतच्याच मूळ ड्रॉइंगप्रमाणे, पायऱ्यांच्या पत्र्यांच्या, चौकटी बसवल्या. त्या गळल्या नाहीत. पुढे ती चौकट खूप चालली. शिंगलच्या छपरांसाठी लोक दुरून तिची मागणी करू लागले. कारखान्याच्या माहितीपुस्तकात तिच्या चित्राखाली डिझायनर म्हणून माझं नाव छापलं गेलं. मी एकदा पुसटसं म्हटलं की मूळ कल्पना पेडणेकरची होती. डायरेक्टर म्हणाले, ते नाव आपण आता न वापरलेलंच बरं. मी पुन्हा म्हटलं नाही. मी चीफ डिझायनर म्हणून निवृत्त झालो.

म्हणून नोंद अशी दुरुस्त करतो. गळलेली चौकट माझी. न गळलेली जयवंतची. तीस वर्षं या दोन्ही उलट्या लिहिल्या गेल्या आणि त्या तशा राहिल्या, कारण मी राहू दिल्या.

आमचं जाणंयेणं तुटलं नाही, हे लोकांना चमत्कारिक वाटेल. गणपतीला ते आमच्याकडे, दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे. शैला त्या ऑपरेशनमधून उठली, चांगली अठरा वर्षं जगली, आणि नलूवहिनीच्या हातची सोलकढी प्यायला दर महिन्याला हट्टाने जायची. जयवंतने घराच्या स्वयंपाकघरात स्वतः एक स्कायलाइट बसवला होता. पाऊस लागला की तो बोलता बोलता उठायचा, त्या खिडकीखाली जाऊन चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवायचा, बोट उजेडात धरून बघायचा आणि परत येऊन बसायचा. कोरडंच असायचं. दरवेळी मला वाटायचं, आता तो काही म्हणेल. तो म्हणायचा, "हां, तर कुठे होतो आपण?"

एकदाच मी सुरुवात केली. शैलाचे दिवस झाल्यावर तो माझ्याकडे राहिला होता. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "जयवंत, ते ड्रॉइंग…" तो चहा गाळत होता. त्याने गाळणं झटकलं, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आधी चहा घे. निवतोय." मी चहा घेतला. चहा संपल्यावर तो तिथेच होता, दुसरा काहीही विषय न काढता, बराच वेळ. त्याने मला अडवलं असं मी पुढे स्वतःला सांगायचो. आता वाटतं, "आधी" हा शब्द त्याने उगाच वापरला नसेल. चहानंतर बोलायला त्याने जागा ठेवली होती, आणि मी कप विसळायला उठलो.

त्याच्या शोकसभेला आमच्या मराठी मंडळाचा हॉल भरला होता. मंडळाच्या एका जुन्या सभासदांनी फार आपुलकीने भाषण केलं. म्हणाले, पेडणेकरांच्या हातून आयुष्यात एक मोठी चूक झाली, पण ती त्यांनी कशी ताठ मानेने पत्करली, कुणाकडे बोट दाखवलं नाही, हे आपल्या मुलांनी शिकण्यासारखं आहे. लोकांनी माना डोलावल्या. मेघा पुढच्या रांगेत बसली होती. तिने मान डोलावली नाही, खाली घातली. ज्या सफाईने घातली त्यावरून कळत होतं की ही मान लहानपणापासून अशी खाली जात आलेली आहे. मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो आणि पाच मिनिटं बोललो. साबुदाण्याची खिचडी, युवर वर्शिप, मॅस्टिक विकत न देणारा विक्रेता. लोक हसले, काही जण रडले. खाली आलो तर शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, किती छान बोललात.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मेघाचा फोन आला. ती इथेच वाढली, लीड्सला असते, फिजिओथेरपिस्ट आहे. नलूवहिनी आधीच गेली होती, तेव्हा वडिलांचं घर आवरायला तीच आली होती. म्हणाली, "काका, शेडमध्ये एक पार्सल आहे, त्याच्यावर तुमचा नाव आहे. बाबांनी लिहिलाय. येता का?"

शेड बागेच्या टोकाला. आत तिने दिवा लावून ठेवला होता. कपाटाच्या मागून काढलेलं, कचऱ्याच्या काळ्या बिन बॅगेत दुहेरी गुंडाळलेलं, चिकटपट्टी लावलेलं काहीतरी बाकावर होतं. वर कागदाच्या पट्टीवर जयवंतचं अक्षर, "सुधाकर". मी चिकटपट्टी सोडवली. आत पांढरी फळी होती. तिच्यावर सीडरचे शिंगल, चौकटीचा वरचा उजवा कोपरा आणि बाजूने एक अखंड पत्रा. रिव्हिजन सी. त्याने माझी चौकट बांधली होती, हुबेहूब, मॅस्टिकच्या जाडीसकट. वरचे शिंगल बिजागरी लावल्यासारखे उचलता येत होते. मी उचलले. सांध्याखालून एक पिवळी रेघ निघून फळीभर उतरली होती, आणि ती काल ओतल्यासारखी पिवळी होती. कडेला पेन्सिलने लिहिलं होतं, "सी. वरचा उजवा सांधा. पहिल्याच लोटीला."

मेघा विचारत होती, हे काय आहे? मी तिथे उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. जसं इथे लिहिलं त्याहून वाईट सांगितलं, पुढचं मागे, मागचं पुढे. संपल्यावर तिने विचारलं, "आईला माहीत होतं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तिने फळीकडे बघत म्हटलं, "मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, ए-लेव्हलला होते तेव्हा. मला आर्किटेक्चर करायचा होता. बाबा म्हणाले, आपल्या नावाने त्या धंद्यात नको जाऊ, तुला त्रास होईल. मी त्यांच्यावर खूप चिडले होते. अनेक वर्षं. त्यांनी माझा चान्स घालवला असं वाटायचं." मग ती माझ्याकडे वळली. "मी त्यांना एकदा म्हटलं होतं, तुम्ही नीट चेक का नाही केलं. त्यांनी सॉरी म्हटलं, काका. मला सॉरी म्हटलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण तिने हात वर केला. "मला आता नका सांगू. मला सांगून काय होणार? त्या दिवशी हॉलमध्ये जे बसले होते ना, त्यांना सांगा. लिहून सांगा, म्हणजे मग बदलता येणार नाही." तिने मला क्षमा केलेली नाही. मी मागितलेली नाही. फळीबद्दल तिला विचारलं तर म्हणाली, तुमच्या नावाने आहे, तुम्ही न्या, मला ती घरात नको.

तेव्हा हा लेख, मंडळाच्याच अंकात. हॉलमध्ये जे होते त्यांनी तो मेघापर्यंत पोचवायची गरज नाही, तिने तो छापायच्या आधी वाचला आहे. एका ठिकाणी तिने दुरुस्ती सुचवली. मी लिहिलं होतं की "आमच्या हातून चूक झाली." तिने "आमच्या" खाली रेघ मारली.

फळी मी घरी आणली तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. शेजारच्या बाईने दारातून विचारलं, काय आहे, चित्र आहे का, पुढच्या खिडकीत छान दिसेल. माझी पुढची खिडकी दक्षिणेची आहे. तिथे ठेवली असती तर पंधरा दिवसांत कोरी झाली असती. जयवंतने आपल्या प्रत्येक चाचणीची फळी उन्हात ठेवली, हीच एक तेवढी काळ्या पिशवीत, कपाटामागे, तीस वर्षं अंधारात ठेवली. का, ते मी त्याला विचारू शकत नाही. मी ती जिन्याखालच्या कपाटात ठेवली आहे, त्याच बिन बॅगेत. पाऊस लागला की जाऊन दार उघडतो, शिंगल उचलतो, सांध्यापासून खालपर्यंत त्या रेघेवरून बोट फिरवतो. बोट कोरडं असतं. मग उजेड आत जायच्या आधी दार लावून घेतो.